खेळण्याचं बिल आणि माझे १,०९,१३९ रुपये

रक्कम आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचंय ते आत्ताच हसून घेतील. १,०९,१३९ रुपये. एका रिव्हॉल्व्हरसाठी, चार हप्त्यांत, पाच दिवसांत, माझ्याच अंगठ्याने पाठवले. कुणी ओटीपी चोरला नाही, कुणी फोन हॅक केला नाही.

मी सराफ. तालुक्याच्या गावात वडिलांपासूनचं दुकान. महिन्यातून दोन-तीनदा माल घेऊन पुण्याला सोन्या मारुती चौकात जायचं आणि रात्री परत यायचं. आमच्याच लाइनीतल्या एकाला घाटात गाडी आडवी घालून लुटलं, तेव्हा मी हत्याराच्या परवान्यासाठी अर्ज केला. पोलीस पडताळणी, जबाब, हेलपाटे, सगळं रीतसर. दीड वर्षाने, ऑगस्ट २०२४ मध्ये परवाना हातात पडला. हे अशासाठी सांगतोय की “रिव्हॉल्व्हर कशाला हवी होती तुला?” असं विचारणारे फार भेटले. वरातीत हवेत बार काढणाऱ्यांतला मी नाही.

आता घ्यायची कोणती? तीन आठवडे हाच अभ्यास. आमच्यासारख्याला नॉन प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य माणसाला मनाई नसलेल्या मापाची नळी, .३२ किंवा .२२. ९ एमएम आणि .३८ चं नाव काढायचं नाही. मला हवी होती लहान, शर्टाखाली न दिसणारी. मिरवायची नाही म्हणून तर आहेच, पण २०१६ च्या नियमांप्रमाणेही सार्वजनिक ठिकाणी ती होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलीच असावी लागते. ‘निडर’ अडीचशे ग्रॅमची, खिशात कळणारही नाही, पण .२२ ची. ‘निर्भीक’ अर्ध्या किलोच्या आसपास, पण मधून मोडून भरायची. कानपूरच्या सरकारी कारखान्याची ‘प्रबल’ २०२३ मध्ये आली. तिचं सिलिंडर बाजूला उघडतं, नळी तीन इंची, वजन सातशे ग्रॅमच्या घरात. रात्री जेवून झालं की मी मोबाईलवर हेच बघत बसायचो. बायको म्हणायची, “अहो, पोरीसाठी स्थळं बघताना एवढी चौकशी केली नव्हती तुम्ही.”

माझे मामा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी एकच विचारलं. “हात न बघता बांगडी विकतोस का तू?” म्हणजे मूठ तुझ्या हातात बसते का, ट्रिगर तुझ्या बोटाला किती जड जातो, हॅमर कपड्यात अडकतो का, हे फोटोत कसं कळणार? जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा पुण्याला परवानाधारक दुकानात जा, हातात धरून बघ. मी हो हो म्हणालो. गेलो नाही. नवरात्र तोंडावर आलं होतं, दुकान सोडवत नव्हतं.

तेवढ्यात तो व्हिडिओ समोर आला. काचेच्या कपाटात ओळीने मांडलेल्या रिव्हॉल्व्हर, मागे भिंतीवर फ्रेम केलेलं डीलरचं लायसन. फोन लावला तर पलीकडचा इतका अदबशीर की विचारू नका. “सर जी, पहले लायसेंस की कॉपी भेजिए, बिना लायसेंस हम बात ही नहीं करते.” मी तिथेच विरघळलो. वाटलं, कायद्याने चालणारा माणूस आहे. परवान्याची दोन्ही पानं, यूआयएन (परवान्याचा ओळख क्रमांक), आधार, फोटो, सगळं पाठवलं. पैसे गेले त्याचं दुःख आहे, पण या कागदांचं जास्त आहे. परवान्याची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर कुणालाही पाठवू नका. कुणालाही म्हणजे कुणालाही.

‘प्रबल’ची किंमत सांगितली ९८,००० अधिक कर. ‘निर्भीक’ २०१४ साली बाजारात आली तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात होती, हे मला तोंडपाठ होतं. तरी डोक्यात घंटा वाजली नाही. मध्येच त्याने .३८ ची आखूड नळीची एक दाखवली, “यह भी हो जाएगा.” जे परवान्यावर होऊच शकत नाही ते ‘हो जाएगा’ म्हणणारा माणूस कोण असतो? पण मी मनात म्हटलं, धंदा आहे, बोलतोय.

७ ऑक्टोबरला बुकिंगचे १५,६४० पाठवले. “बाकी एक लाख डिलिवरी तक दो बार में,” म्हणाला. ८ ला दुपारी बिल आलं.

या बिलावर मला थांबायचंय, कारण माझी खरी लाज इथे आहे. मी रोज बिलं फाडतो. दागिन्यांचा ७११३ हा एचएसएन, म्हणजे बिलावरचा मालाचा कोड, मी झोपेत सांगेन. राज्यातल्या राज्यात सीजीएसटी-एसजीएसटी आणि परराज्यातून माल आला की आयजीएसटी लागतो, हे माझ्या दुकानातल्या पोरालाही कळतं. आणि कानपूरहून येणाऱ्या मालाच्या त्या बिलावर होतं: सीजीएसटी ९ टक्के ८,८२०, एसजीएसटी ९ टक्के ८,८२०, एकूण १,१५,६४०. जीएसटी क्रमांकाची सुरुवात ०७ ने, म्हणजे दिल्ली. कानपूरचा असता तर ०९ हवा. रिव्हॉल्व्हरला तेव्हा २८ टक्के कर होता (आता ४० झालाय), इथे १८. मी काय केलं? कर कमी लागला म्हणून खूश झालो आणि ५०,००० पाठवून दिले.

एचएसएन होता ९५०३. माझ्या सीएने सहा दिवसांनी ते बिल बघितलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, “अहो शेठ, हा खेळण्यांचा कोड आहे.”

पैसे पाठवले तेव्हा समोर गिऱ्हाईक होतं, जुना दागिना मोडायचा की नाही यावर सासू-सुनेचं भांडण चाललं होतं, दसरा चार दिवसांवर होता. हे कारण मी स्वतःला रोज देतो.

दसऱ्याला शस्त्रपूजेत नवी रिव्हॉल्व्हर ठेवायची, हे मीच बोलून बसलो होतो. त्याने ते बरोब्बर पकडलं. “दशहरे से पहले पहुँचा देंगे, बाद में आपके यहाँ आचारसंहिता लग जाएगी, माल अटक जाएगा.” महाराष्ट्राच्या निवडणुकीची खबर त्याला माझ्याइतकीच होती. १० तारखेला ‘ट्रान्सपोर्ट लायसन’चे १८,५००. ११ ला ‘सुरक्षा ठेव’ २४,९९९, परत मिळणारी. १२ ला, ऐन दसऱ्याला, आणखी ३५,००० मागितले, तेव्हा कुठे हात थांबला. हत्यार कुरिअरने घरी येत नसतं. परवानाधारक दुकानदारासमोर मूळ परवाना घेऊन उभं राहावं लागतं, हत्याराचा नंबर त्यावर चढतो, मग ते तुमचं. हे मला माहीत नव्हतं असंही नाही.

दोन दिवस कुणालाच सांगितलं नाही. ही दुसरी घोडचूक. लाज नंतर वाटून घ्या, आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा. मी १४ ला लावला. तक्रार क्रमांक मिळाला, आणि तोवर पैसे तीन खात्यांतून फिरून गेले होते. पुढच्या एका खात्यात २,३१० रुपये गोठवलेत म्हणे. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा.

पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाला, “रिव्हॉल्व्हर ऑनलाइन मागवत होतात? आधी तुमच्यावरच गुन्हा बसेल.” परवाना दाखवला, तर म्हणाला सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, हद्द तुमच्या पोलीस ठाण्याची, तिकडेच जा. जुलै २०२४ पासून नवा कायदा आलाय, हद्द कुठलीही असो गुन्हा नोंदवावा लागतो, हे मीच त्यांना सांगितलं. उत्तर आलं, “तुम्ही सराफ की वकील?” १५ ला खरोखरच आचारसंहिता लागली आणि सगळ्यांना हक्काचं कारण मिळालं. बंदोबस्त आहे, निकालानंतर या. निकालानंतर गेलो तर साहेबांची बदली झाली होती. बँकेत म्हणाले, तुम्ही स्वतः पाठवलेत ना, मग बँक काय करणार. परवाना शाखेतल्या कारकुनाने तर कमाल केली. “परवान्यावर हत्याराची नोंद नाही, म्हणजे तुम्ही खरेदी केलेली नाही. मग तक्रार कसली?” वर मला म्हणतो, आचारसंहितेत हत्यार जमा करा! कुठलं जमा करू? दीड वर्ष ज्यांनी माझी सात पिढ्यांची चौकशी केली, त्यांना त्या ठगाचा चालू असलेला मोबाईल नंबर शोधता येत नाही.

मागच्या फेब्रुवारीत एक फोन आला. लातूरकडचे कुणी ठेकेदार होते, बोलणं सभ्य.

“सराफसाहेब ना? तुमच्या परवान्याचा फोटो त्यांनी पाठवलाय. म्हणाले, या गिऱ्हाइकाला आम्ही दसऱ्याआधी डिलिव्हरी दिली, हवं तर विचारून घ्या. कशी आहे हो वापरायला? शर्टाखाली दिसते का?”

मी विचारलं, “किती पाठवलेत?”

“आत्ता नुसतं बुकिंग,” ते म्हणाले. “१५,६४०.”