रेरा नंबर खरा, सीसी खोटी : डोंबिवलीच्या ६५ इमारतींत घर घेणारे कसे फसले

कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतल्या ज्या ६५ इमारती बेकायदा ठरल्या, त्यांतल्या घरमालकांना 'कागद बघायचे नाहीत का आधी?' असं ऐकवणारे पुष्कळ भेटतात. हे ऐकवणं अन्यायाचं आहे. त्यांनी कागद बघितले होते. प्रकल्पाला महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक होता. अनेकांना गृहकर्ज मिळालं होतं, म्हणजे कर्ज देणाऱ्या संस्थेच्या वकिलानेही फाइल चाळली होती. करारनामे दुय्यम निबंधकांकडे नोंदवले होते, मुद्रांक शुल्क भरलं होतं. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला आणि हजारो कुटुंबांच्या पायाखालची जमीन सरकली.

कारण या सगळ्या कागदांच्या मुळाशी असलेला एकच कागद बनावट होता. तो म्हणजे महापालिकेची बांधकाम परवानगी, बोलीभाषेत सीसी. पालिकेचे खोटे शिक्के, अधिकाऱ्यांच्या खोट्या सह्या, आणि त्या जोरावर मिळवलेला खरा रेरा नंबर. वास्तुविशारद संदीप पाटील यांनी माहिती अधिकारात कागद मागवले आणि जनहित याचिका केली, तेव्हा हे उघडकीला आलं. २०२२ मध्ये गुन्हे दाखल झाले, विशेष तपास पथक नेमलं गेलं, सक्तवसुली संचालनालयही तपासात उतरलं. तोवर लोक राहायला येऊन हप्ते भरत होते.

हा प्रकार डोंबिवलीपुरता समजू नका. जिथे शहर गावठाणात आणि शेतजमिनीत पसरतंय, तिथे हाच डाव खेळता येतो. म्हणून ही फसवणूक नेमकी कुठल्या फटीतून आत शिरली, ते नीट समजून घ्यायला हवं.

रेरा कायद्याच्या कलम ४ प्रमाणे विकासक कागदपत्रं आणि प्रतिज्ञापत्र सादर करतो. कलम ५ प्रमाणे प्राधिकरणाने ३० दिवसांत नोंदणी द्यायची किंवा नाकारायची असते, आणि काहीच कळवलं नाही तर प्रकल्प नोंदणीकृत झाला असं मानलं जातं. पूर्वी या मुदतीत कागद पूर्ण आहेत का, एवढंच पाहिलं जाई. 'ही सीसी तुम्हीच दिलीत ना?' असं पालिकेला विचारण्याची पक्की व्यवस्था नव्हती. त्यामुळे रेरा नंबर म्हणजे विकासकाने शपथेवर काही कागद दिले याची पोच होती. ते कागद अस्सल असल्याची हमी त्यात नव्हती.

जून २०२३ पासून महारेराने पद्धत बदलली. आता सीसीची खातरजमा संबंधित नियोजन प्राधिकरणाच्या अधिकृत ई-मेलवरून होते आणि ती झाल्याशिवाय नोंदणी क्रमांक दिला जात नाही. बदल चांगला आहे, पण त्यामुळे एक काम तुमच्याकडे येतं : महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदणीची तारीख बघा. नोंदणी जून २०२३ पूर्वीची असेल तर तिची सीसी कुणी पडताळलेलीच नाही, असं धरून चाला. अशा इमारतींतली घरं आज पुनर्विक्रीला येतात आणि दलाल तोच जुना रेरा नंबर दाखवतो.

सीसी पडताळायची कशी, हा या सगळ्यातला खरा मुद्दा आहे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडून सीसीची प्रत उतरवून घ्या. दलालाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोवर विसंबू नका. त्या प्रतीवरून या गोष्टी वहीत लिहा : जावक क्रमांक, तारीख, मौजे, सर्व्हे क्रमांक आणि हिस्सा क्रमांक, अर्जदाराचं नाव, वास्तुविशारदाचं नाव, आणि परवानगी कितव्या मजल्यापर्यंत आहे. शेवटची गोष्ट फार जण वाचत नाहीत. सीसी कधी कधी फक्त जोत्यापर्यंतची असते, कधी चार मजल्यांची असते आणि उभे राहिलेले असतात सात. अशा वेळी कागद अस्सल असूनही वरचे तीन मजले बेकायदाच ठरतात.

मग सीसीवरच्या वास्तुविशारदाला फोन करा. क्रमांक विकासकाकडून घेऊ नका, स्वतः शोधा. वास्तुविशारदाचा नोंदणी क्रमांक 'सीए' या अक्षरांनी सुरू होतो आणि वास्तुकला परिषदेकडे तपासता येतो. 'या सर्व्हे नंबरवरचं काम तुमचं आहे का?' हा प्रश्न दोन मिनिटांचा आहे. ज्याचं नाव परस्पर वापरलं गेलंय, तो तिथेच सांगेल.

त्यानंतर महापालिकेचा नगररचना विभाग. पालिकेच्या संकेतस्थळावर मंजूर परवानग्यांची यादी असेल तर ती आधी पाहा. यादीत नाव नसेल, किंवा असूनही शंका असेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जाची भाषा महत्त्वाची आहे. 'ही इमारत अधिकृत आहे का?' असं विचारलंत तर 'प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही' असं उत्तर येऊ शकतं, कारण या कायद्यात मत मिळत नाही, अभिलेख मिळतो. म्हणून असं लिहा : 'मौजे अमुक, सर्व्हे क्रमांक अमुक, हिस्सा क्रमांक अमुक या जागेवर दिनांक अमुक रोजी जावक क्रमांक अमुक अन्वये दिलेल्या बांधकाम परवानगीची व मंजूर नकाशाची साक्षांकित प्रत द्यावी. तसेच त्या दिवसाच्या जावक नोंदवहीच्या संबंधित पानाची प्रत द्यावी.' सोबत रेरावरच्या सीसीची प्रत जोडा.

जावक नोंदवहीचं पान मुद्दाम मागायचं. बनावट सीसीवर क्रमांक कसाही टाकता येतो, पण नोंदवहीत त्या क्रमांकासमोर दुसरंच पत्र निघतं किंवा तो क्रमांक त्या तारखेला बसतच नाही. 'अभिलेख उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तर त्याला किरकोळ समजू नका. पालिकेकडे परवानगीची फाइलच नसेल तर हातातला कागद आला कुठून, याचा खुलासा विकासकाने करायचा आहे, तुम्ही नव्हे. 'त्रयस्थ पक्षाची माहिती' म्हणून नकार मिळाला तर ३० दिवसांत पहिलं अपील करा आणि त्यात लिहा की मंजूर नकाशे ग्राहकांना दाखवणं रेरा कायद्यानेच विकासकावर बंधनकारक केलंय.

'साहेब, ३० दिवस थांबलात तर फ्लॅट जाईल,' हे वाक्य या काळात हमखास कानावर पडेल. जाऊ द्या. विकासक प्रामाणिक असेल तर तो स्वतःच तुम्हाला नगररचना विभागात नेऊन मूळ फाइल दाखवू शकतो, त्याला एक सकाळ पुरते.

जमिनीकडेही तितकंच लक्ष हवं, कारण या इमारतींपैकी काही सरकारी आणि आरक्षित जागांवरही उभ्या होत्या. महाभूमी या सरकारी संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. विनाशुल्क दिसणारा सातबारा फक्त पाहण्यापुरता असतो. भोगवटादार वर्ग-२ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती जमीन हस्तांतरित होत नाही. इतर हक्कांच्या रकान्यात कुळ, बोजा, वाटपाचा दावा काय काय आहे ते वाचा आणि प्रत्येक फेरफार क्रमांक उघडून बघा. सर्व्हे क्रमांक जुळूनही हिस्सा क्रमांक वेगळा असणं ही नेहमीची चलाखी आहे, परवानगी हिस्सा १ ची आणि इमारत हिस्सा ३ वर. याच्या जोडीला पालिकेकडून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या, म्हणजे बागेचं, रस्त्याचं किंवा शाळेचं आरक्षण असेल तर दिसेल. 'पुढे नियमित करून घेऊ' हे आश्वासन आरक्षित किंवा सरकारी जागेबाबत जवळजवळ पोकळच असतं.

कर्ज मंजूर झालं म्हणजे कागद चोख, हा समज सर्वांत महाग पडतो. कर्ज देणाऱ्या संस्थेचा वकील आणि मूल्यांकनकार बहुतेक वेळा विकासकाने दिलेल्या प्रतींवरच अहवाल लिहितात. सीसी खोटी असली तरी तिच्यावर बेतलेला अहवाल नीटनेटकाच दिसतो. आणि इमारत पडली तरी कर्ज पडत नाही, कारण कर्जफेडीचा करार तुमचा आणि संस्थेचा असतो. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की बँका आणि वित्तसंस्थांनी इमारत तारण घेऊन कर्ज देण्याआधी पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्र तपासावं, आणि बांधकाम चालू असताना मंजूर नकाशा जागेवर लावलेला असावा. जागा बघायला जाल तेव्हा तो नकाशा कुठे लावलाय ते विचारा. कर्ज घेताना कायदेशीर तपासणीच्या अहवालाची प्रत लेखी मागा. वकिलाने मूळ कागद पालिकेत जाऊन पाहिले की फक्त झेरॉक्स पाहिल्या, हे त्यात कळतं.

नोंदणीकृत करारनाम्याचंही तसंच. दुय्यम निबंधक मुद्रांक शुल्क, पक्षकारांची ओळख आणि दस्ताचं स्वरूप पाहतात, विकणाऱ्याचा मालकी हक्क तपासणं त्यांचं काम नाही. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. घरपट्टीची पावती आणि वीजमीटरही तितकेच कमकुवत पुरावे आहेत. बेकायदा बांधकामालाही कर आकारला जातो, शास्तीसह, आणि त्यामुळे ते अधिकृत होत नाही.

पैशांबाबत दोनच गोष्टी घट्ट धरा. रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, नोटरी केलेला कागद चालत नाही. आणि पैसे प्रकल्पाच्या नेमून दिलेल्या खात्यातच भरा. १ जुलै २०२४ पासून महारेराने प्रत्येक प्रकल्पाला एकाच बँकेत तीन खाती सक्तीची केली आहेत, ग्राहकांचे पैसे त्यांतल्या संकलन खात्यात जायला हवेत. विकासकाच्या भावाच्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या नावाने चेक मागितला तर देऊ नका. रोख रकमेचा 'वरचा' हिस्सा तर मुळीच नको. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, पण देणाऱ्याचं नुकसान आणखी मोठं : उद्या परतावा मागताना त्या रकमेचा पुरावाच नसतो.

'आमच्या इमारतीला रेरा लागतच नाही' असंही सांगितलं जातं. ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा ८ पर्यंत सदनिका असतील तर नोंदणीतून सूट आहे, हे खरं. पण सूट रेरा नोंदणीतून आहे, सीसीतून नाही. तिथे संकेतस्थळावर काहीच सापडणार नाही, म्हणून थेट नगररचना विभागच गाठावा लागेल.

ज्यांनी अशा इमारतीत आधीच घर घेतलंय, त्यांनी पहिल्यांदा सगळे मूळ कागद, पावत्या, बँकेचे उतारे, जाहिराती आणि दलालाशी झालेले संदेश जपून ठेवावेत. खोट्या माहितीवर विसंबून घर घेतलं तर रेराच्या कलम १२ प्रमाणे व्याजासह पैसे परत मागता येतात. कलम १८ (२) फारसं कुणाला माहीत नसतं : जमिनीचा हक्कच सदोष असेल तर भरपाईच्या दाव्याला कालमर्यादेचा अडसर येत नाही. पोलिसांकडे फसवणुकीबरोबर बनावट दस्तऐवजाचीही तक्रार द्या. १ जुलै २०२४ पूर्वीच्या कृत्यांना भारतीय दंड संहिता लागू होते, त्यानंतरच्यांना भारतीय न्याय संहिता. तक्रारी एकेकट्याने करण्यापेक्षा रहिवाशांनी एकत्र केलेल्या बऱ्या, कारण वसुलीचा आदेश मिळाला तरी विकासकाच्या नावावर जप्त करण्याजोगं काही उरलंय का, हे शोधायला बरीच माणसं लागतात. हप्ते परस्पर थांबवू नका. थकबाकीची नोंद तुमच्या नावावर चढते आणि जामीनदारही अडचणीत येतो. आधी कर्ज देणाऱ्या संस्थेला लेखी कळवून सवलत मागा.

अशा इमारतीतलं घर विकून मोकळं होण्याचा मोह समजण्यासारखा आहे, पण तो रस्ता धरू नका. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे माहीत असलेला आणि खरेदीदाराला सहज न दिसणारा दोष विक्रेत्याने सांगायलाच हवा. पालिकेची नोटीस दडवून घर विकलंत तर उद्या त्या खरेदीदाराच्या तक्रारीत आरोपी म्हणून नाव तुमचं असेल. नोटीस, न्यायालयाच्या आदेशाची प्रत आणि भोगवटा प्रमाणपत्र नसल्याची गोष्ट इसार घेण्यापूर्वीच लेखी द्या आणि पोच घेऊन ठेवा.