लँडसॅटचा साठा: प्रतिमा फुकट, मग अनुदान कशाला मागायचं?

खाणी, धरणं, भराव, कापलेल्या टेकड्या. माणसाने बदललेल्या भूरूपांवर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याचं अनुदान बहुधा तुटपुंजंच असतं. त्यात ‘उपग्रह प्रतिमा’ म्हणून मोठी रक्कम मागितली, तर परीक्षक तिथेच अडतो. लँडसॅट या अमेरिकी भूनिरीक्षण उपग्रहांचा १९७२ पासूनचा प्रतिमांचा साठा २००८ मध्येच सर्वांना मोफत झाला आहे. एका प्रतिमेत साधारण १८५ किलोमीटर रुंदीचा प्रदेश मावतो.

वापरताना मात्र ठेचा लागतात. लँडसॅट ५ आणि ७ मध्ये लाल प्रकाशाचा बँड (तरंगलांबीचा पट्टा) ३ क्रमांकाचा आणि निअर-इन्फ्रारेडचा (लालपलीकडच्या अदृश्य किरणांचा) ४. ८ आणि ९ मध्ये तेच ४ आणि ५. जुनं एनडीव्हीआयचं (निअर-इन्फ्रारेडमधून लाल वजा करून हिरवळ मोजणाऱ्या निर्देशांकाचं) सूत्र तसंच नव्या प्रतिमेवर चालवलं, तर लालमधून हिरवा वजा होतो आणि घनदाट जंगलही उजाड दिसतं. अशा ‘जंगलतोडी’वर अख्खा प्रबंध उभा राहू शकतो! कलेक्शन २ (साठ्याची आवृत्ती) च्या परावर्तन प्रतिमांत, म्हणजे जमिनीवरून किती प्रकाश परतला हे सांगणाऱ्या प्रतिमांत, प्रत्येक आकड्याला ०.००००२७५ ने गुणून ०.२ वजा करायचं असतं, तेही राहून जातं. मे २००३ नंतरच्या लँडसॅट ७ मध्ये काळ्या चिरा आहेत, सुमारे २२ टक्के भाग गायब. ढग गाळणारा मास्क चकाकती छपरं आणि वाळूलाही ढग समजतो. म्हणजे नेमकं बांधकामच पुसलं जातं. शिवाय तुलना एकाच ऋतूतल्या प्रतिमांची हवी.

१९८२ नंतरच्या बहुतेक प्रतिमांत पिक्सेल ३० मीटरचा, म्हणजे ९०० चौरस मीटर; त्याआधीचा आणखी मोठा. छोट्या बंधाऱ्याला हा साठा कुचकामी. तिथे २०१५ पासूनची १० मीटरची सेंटिनेल-२ ही युरोपची उपग्रहमालिका बरी. खाण किती खोल गेली, हे दोन्ही सांगत नाहीत.

१९७२ च्या आधीचं हवं असेल तर १९९५ मध्ये खुली झालेली अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रं आहेत (आजाराशी संबंध नाही). तपशील लँडसॅटपेक्षा कितीतरी बारीक, पण फिल्मच्या पट्टीची टोकं ताणलेली असतात आणि नकाशावर बसवायला तेव्हापासून जागच्या जागी असलेल्या खुणा लागतात: जुना पूल, रस्त्यांचा चौक. जिथे सगळंच बदललंय, तिथे नेमक्या त्याच मिळत नाहीत. म्हणून खर्चपत्रकात लँडसॅटसमोर शून्य लिहावं आणि पैसे डीजीपीएसचं (जागा अचूक मोजणाऱ्या यंत्राचं) भाडं, क्षेत्रभेटीचे दिवस आणि गाळाच्या नमुन्यांचं कालमापन (गाळ कधी साचला ते ठरवणं) यांसाठी मागावेत.