घर बदलल्यानंतरचे डीटीएच आणि ब्रॉडबँड : काही महिन्यांच्या वापराचा अनुभव

ठाण्याच्या नौपाड्यातील भाड्याचे घर सोडून गेल्या उन्हाळ्यात आम्ही घोडबंदर रोडवर मानपाड्याला राहायला आलो, तेव्हा डीटीएच आणि ब्रॉडबँड ही दोन्ही कनेक्शने सोबत न्यायची होती. पावसाळा आणि दिवाळी उलटल्यावर एवढे खात्रीने सांगता येते, की ही कामे एकाच फोनवर उरकणारी नाहीत. डीटीएचचे सगळे दिशेवर अडते, तर ब्रॉडबँडचे इमारतीत कोणाची फायबर आली आहे यावर.

आपल्याकडील डीटीएच सेवांचे उपग्रह विषुववृत्तावर ८३, ९३.५, १०८.२ अशा पूर्व रेखांशांवर आहेत आणि ठाणे साधारण ७३ अंशांवर आहे, त्यामुळे येथे छत्रीचे (डिश अँटेनाचे) तोंड आग्नेयेकडेच करावे लागते. आमची बाल्कनी येऊरच्या डोंगराकडे, म्हणजे पश्चिमेला उघडते. त्या दृश्यासाठी घरमालक भाडे वाढवून मागतात, पण छत्रीला ते दृश्य निरुपयोगी. शेवटी छत्री गच्चीवर बसवली, त्यासाठी सोसायटीची लेखी परवानगी आणि घरमालकाचे संमतिपत्र लागले, आणि डक्टमधून, म्हणजे वायरी-पाइपांसाठीच्या पोकळीतून, खाली आणलेल्या वायरचे पैसे मीटरवर वेगळे मोजावे लागले. स्थलांतराच्या शुल्कावरील कमाल मर्यादा ट्रायने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) २०२४ मध्ये काढून टाकल्यामुळे हे दर आधीच विचारून घ्यावेत. सामानाची बांधाबांध सुरू होताच खाते तात्पुरते बंद ठेवल्याने शिल्लक रक्कम वाया गेली नाही, ही सोय मात्र फार कमी लोक वापरतात. जुलैच्या मुसळधार पावसात चित्र काही मिनिटे जाते. ते नौपाड्यातही जात असे, त्यामुळे त्याचा दोष नव्या जागेला देता येत नाही.

ब्रॉडबँडचा अनुभव याहून किचकट होता. ॲपवर पिनकोड टाकला की सेवा उपलब्ध असल्याचे दिसते, पण पिनकोडमध्ये शेकडो इमारती असतात आणि प्रत्येकीत प्रत्येक कंपनीची वायर पोहोचलेली नसते. घर ठरवण्यापूर्वीच आम्ही मजल्यावरील डक्टमध्ये कोणत्या कंपन्यांच्या पेट्या आहेत ते पाहिले आणि शेजाऱ्यांना रात्री नेट कसे चालते ते विचारले. ग्राहक सेवा केंद्रापेक्षा ही माहिती अधिक खरी ठरली. आमच्या जुन्या कंपनीची पेटी तेथे होती, तरीही नौपाड्याचा आणि घोडबंदरचा स्थानिक भागीदार वेगवेगळा असल्याने शिफ्टिंगची विनंती दोघांमध्ये टोलवली जात राहिली. माझे काम घरूनच चालत असल्यामुळे तिच्या निकालाची वाट पाहणे परवडणारे नव्हते, म्हणून दुसऱ्या कंपनीचे नवे कनेक्शन घेतले आणि ते सुरळीत सुरू होईपर्यंत जुने चालू ठेवले. त्या दुहेरी खर्चाबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

जुना राउटर परत देताना त्याच्या सिरीयल नंबरसह पावती घेतली, आणि तिचाच पुढे उपयोग झाला. अनामत रक्कम मुदतीत आली नाही, तेव्हा तक्रारीचा डॉकेट (नोंद) क्रमांक घेऊन कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे गेल्यावर ती खात्यात जमा झाली. ट्राय वैयक्तिक तक्रारी स्वतः हाताळत नाही, त्यामुळे हा दोन पायऱ्यांचा मार्गच धरावा लागतो.

नव्या कनेक्शनबद्दल समाधान आहे. घरमालकाने भिंतीला नवे भोक पाडू दिले नाही, म्हणून फायबर एसीच्या पाइपच्या भोकातून आत आली आणि राउटर बेडरूममध्ये अडकला; स्वयंपाकघरात वाय-फाय कमजोर मिळते, पण लॅपटॉपला केबल जोडली की वेग पूर्ण येतो. विक्रेत्याने वार्षिक प्लॅनवर जादा महिन्यांचे आमिष दाखवले होते. आमचा भाडेकरार ११ महिन्यांचा असल्याने तो नाकारून सहा महिन्यांचा प्लॅन घेतला आहे, आणि तो संपल्यावर करार वाढेपर्यंत महिन्याचेच रिचार्ज करायचे ठरवले आहे.