डब्यावर 192 लिहिलं होतं

आईचा गाता आवाज नीट रेकॉर्ड करून ठेवायचा, एवढंच मनात होतं. फोनवर केलेलं रेकॉर्डिंग पंख्याच्या घरघरीत बुडून जायचं, म्हणून ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा, घ्यायचं ठरवलं आणि त्या व्यवहारात फसले. सगळं सविस्तर लिहिते आहे, कारण तशाच जाहिराती अजूनही दिसतात आणि घरी पहिल्यांदाच रेकॉर्डिंग करू पाहणारी माणसं त्यांना भुलतात.

ऑनलाइन विक्रेत्याच्या जाहिरातीत दोन माइकचे इनपुट, 24 बिट, 192 किलोहर्ट्झ (म्हणजे आवाज किती बारकाईने आणि सेकंदाला किती वेळा मोजला जातो ते), 48 व्होल्टची फँटम पॉवर (माइकला केबलमधूनच मिळणारी वीज) असं सगळं होतं. वर रेकॉर्डिंगचं पूर्ण सॉफ्टवेअर 'लाइफटाइम लायसन्स'सकट. मी चार-पाच इंटरफेसचे आकडे वहीत मांडले होते, त्यात सगळ्यांत मोठे आकडे याचेच. फोन केला तर विक्रेता म्हणाला, "ताई, बिनधास्त घ्या. केबल लावली की चालू. ड्रायव्हरची भानगडच नाही." मला ती सोय वाटली. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. विंडोजवर गाणाऱ्याचा आवाज हेडफोनमध्ये वेळेवर परत यायचा असेल, तर इंटरफेसच्या कंपनीने स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे आवाज फार उशीर न होता आत-बाहेर नेणारा प्रोग्रॅम, दिलेला असणं फार मोलाचं असतं. तो कंपनीच्या साइटवरून उतरवून घेता येतो का, शेवटचा कधी अद्ययावत केलाय, हे विकत घेण्याआधी घरबसल्या बघता येतं. मी बघितलं नाही.

पहिल्याच दिवशी आई हेडफोन लावून गायला बसली आणि दोन ओळींत थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली. "माझी लय जातेय गं," म्हणाली. मला वाटलं सवय नाही म्हणून. तिला वाटलं वय झालं म्हणून. प्रत्यक्षात बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा साठवून पुढे पाठवतो तो, 1024 सॅम्पलवर (मोजमापांवर) होता. 44.1 किलोहर्ट्झला म्हणजे आत जाताना 23 मिलिसेकंद आणि बाहेर येताना जवळपास तेवढेच. तिचाच आवाज तिला मागून ऐकू येत होता. बफर 128 वर आणला, म्हणजे सुमारे 3 मिलिसेकंद, तर नुसती खडखड. माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट हेडफोनमध्ये देणारं डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबून काही फरक पडत नव्हता. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण आई दोन आठवडे स्वतःच्या गळ्यावर शंका घेत बसली, त्याचा राग अजून जात नाही.

मग आवाजातली खरखर. गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवणारं बटण, शेवटपर्यंत फिरवला तरी आवाज पातळ, आणि वरच्या पट्टीत गेलं की फाटायचा. इलेक्ट्रॉनिक्सची कामं करणाऱ्या एका मित्राने मल्टिमीटर आणला. फँटम पॉवर चालू करून माइकच्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये पिन 1 आणि पिन 2 यांच्यामध्ये मोजायचं. तिथे 48 व्होल्ट हवेत, चारेक इकडे-तिकडे चालतात. काट्याने 17 दाखवले. आमचा माइक कंडेन्सर, म्हणजे बाहेरून वीज लागणारा. 48 व्होल्ट मागणारा असा माइक एवढ्यावर नीट काम कसा करणार?

192 चा उलगडा त्याच संध्याकाळी झाला. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, डब्यावर छापलेलं नाव नव्हतंच, 'यूएसबी ऑडिओ कोडेक' एवढंच मोघम नाव होतं. सॉफ्टवेअरमध्ये 192 निवडता येत होतं आणि फाइलही 192 ची बनत होती, पण त्या फाइलचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या उंचीचे स्वर किती आहेत ते दाखवणारं चित्र, उघडला तर 22 हजार हर्ट्झच्या आसपास रेघ मारल्यासारखा आवाज संपलेला, त्याच्या वर पूर्ण काळोख. विंडोज मधल्यामध्ये फाइल फुगवत होतं. डबा उघडला तेव्हा आत पीसीएम2902 ही चिप निघाली. ती चिप वाईट नाही, साध्या उपकरणांत वर्षानुवर्षं वापरली जाते, पण ती 16 बिट आणि 48 किलोहर्ट्झच्या पुढे जात नाही. आणि गाणं रेकॉर्ड करायला 192 लागतही नाही. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ घरच्या कामाला भरपूर आहे. ज्या आकड्याची मला गरजच नव्हती त्याच्या मोहात मी पडले.

डबा उघडण्याची घाई मात्र करू नका. तक्रार केली तेव्हा विक्रेता म्हणाला, "स्क्रू तुम्हीच काढलेत, आता परत घेता येणार नाही." त्यानंतर फोन उचलणं बंद. पिनांचं मोजमाप, डिव्हाइस मॅनेजरमधलं नाव, स्पेक्ट्रमचा फोटो, हे सगळं स्क्रूला हात न लावता मिळतं. परत करण्याची मुदत संपायच्या आत एवढं करून ठेवलं असतं तर माझी बाजू भक्कम असती.

सॉफ्टवेअरचा फटका दोन महिन्यांनी बसला. 'लायसन्स' म्हणून विक्रेत्याने एक ईमेल आयडी आणि पासवर्ड पाठवला होता आणि पासवर्ड बदलू नका अशी ताकीद दिली होती. मी ती पाळलीही. एके सकाळी लॉगिन होईना. सॉफ्टवेअरच्या कंपनीला विचारल्यावर कळलं की ते एकच खातं अनेकांना विकलेलं होतं आणि म्हणून बंद केलं. लायसन्स आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर नोंदलेलं नसेल तर ते आपलं नाही. जुना इंटरफेस घेतानाही हीच गोष्ट. सोबत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचा कोड सहसा एकदाच वापरता येतो आणि तो पहिल्या मालकाने वापरलेला असतो. त्यामुळे विकणाऱ्याला आधी सिरीयल नंबर विचारा आणि उपकरण त्याच्या खात्यातून मोकळं करायला सांगा. टाळाटाळ केली तर व्यवहार सोडा.

त्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं माझं मिक्सिंग, म्हणजे आवाजांची जुळवाजुळव, सगळं गेलं. मूळ वेव्ह फाइल्स फोल्डरमध्ये होत्या, त्या ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या म्हणून आईचा आवाज तरी वाचला. ऑडॅसिटी फुकट आहे, मॅकवर गॅरेजबँड फुकट मिळतं, रीपर 60 दिवस पूर्ण सोयींसह वापरून बघता येतं. हे आधी माहीत असतं तर 'लाइफटाइम'च्या वाटेला गेलेच नसते.

आता दुसरा इंटरफेस आहे, साधा, एका माइकचा, कंपनीच्या ड्रायव्हरचा. आवाज वेळेवर येतो, मी स्वतः गाऊन तपासलं. आईला मात्र अजून भरवसा वाटत नाही. ती हेडफोनची एक बाजू कानामागे सरकवून ठेवते आणि उघड्या कानाने स्वतःला ऐकत गाते.