केशराऐवजी अनंताची फळं: काही महिने वापरल्यावर

परवा श्रीखंड हिरवं झालं, म्हणून लिहायला बसलोय. पाहुण्यांना वाटलं पिस्ता घातलाय. मीही नाही म्हटलं नाही.

सिंगापूरला चिनी औषधांच्या दुकानांत ही सुकी फळं मिळतात. झाड म्हणजे आपला अनंतच. कोकणात दारोदारी असतो तो बहुतेक दुहेरी फुलांचा. पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या, त्यामुळे फळ धरत नाही. एकेरी फुलाच्या अनंताला नारिंगी, कंगोरेदार फळ येतं. त्यातलं क्रोसिन म्हणजे केशरातलाच रंग. एक ग्रॅम केशराच्या पैशांत पिशवीभर फळं, मग मी कशाला सोडतो!

साखरभात फक्कड होतो. फळं चेचून कोमट पाण्यात भिजवायची, गाळायचं, ते पाणी भातात. शीत न् शीत पिवळं. केशराचा वास मात्र नाही, किंचित कडवटपणाच, वेलची-जायफळाने भागतं.

घोळ निळ्याचा आहे. मध्यंतरी पाय मुरगळला, तर शेजारच्या चिनी आजींनी याचीच पूड, अंड्याचा पांढरा बलक आणि मैदा कालवून लेप लावला. आपण आंबेहळद लावतो तसा त्यांचा जुना उपाय. सूज उतरली (लेपाने की बसून राहिल्याने, देव जाणे), पण घोटा असा निळा पडला की साबणाने हलेना. ऑफिसात ज्याला त्याला ‘मार नाही, औषध आहे’ सांगत फिरलो. श्रीखंडातही तेच. फळातलं जेनिपोसाइड विकरांमुळे (एन्झाइममुळे) फुटतं, त्यातून निघालेलं जेनिपिन प्रथिनांशी जुळलं की निळं होतं. चक्का म्हणजे प्रथिनंच, त्यात रात्रभर ठेवलेला. पिवळ्यात निळा, झाला हिरवा. परवा रात्री पाचात एकच गुण देणार होतो. पण काल पुन्हा साखरभात केला आणि राग गेला. चार देतो, दूध-दही वगळून.

रोज काढा म्हणून मात्र पिऊ नका. चिनी वैद्यकात हे कडू, थंड औषध. पोट सैल असणाऱ्याला जपूनच देतात. जपानने २०१८ मध्ये यापासूनच्या औषधांवर इशारा छापायला लावला: वर्षानुवर्षं, बहुतेक पाचाहून जास्त, घेणाऱ्यांत आतड्याच्या शिरा कडक झालेल्या आढळल्या होत्या.

घेताना कच्चीच मागा. भाजलेली आणि जाळून काळी केलेलीही मिळतात. काळीला रंग सुटत नाही. दुकानातल्या अंकलनी मला तीच बांधून दिली आणि ‘औषध परत घेत नाही’ म्हणून हात झटकले. पुडी जवळजवळ भरलेली आहे. कुणाला हवी असेल तर घेऊन जा, पैसे नकोत, टपालखर्च तुमचा.