कोऱ्या पानाची धास्ती आणि नऊ महिन्यांच्या खेळवह्या

मी वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील एका खेड्यात चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांसाठी मुलांकडून वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र घोटून घ्यायचे, सुट्ट्यांत शाळांच्या बोलक्या भिंती रंगवायच्या आणि कोणी फोटो आणून दिला की त्यावरून व्यक्तिचित्र करून द्यायचे, यात दहा वर्षे गेली. सांगितलेले काम कधी अडले नाही. मात्र स्वतःसाठी काही काढायला बसलो की पहिली रेघ उमटताच माझ्यातला परीक्षक तिचे गुण कापू लागे. अशा अवस्थेत दीड वर्ष गेले आणि त्या काळात स्वतःचे म्हणावे असे एकही चित्र झाले नाही.

गेल्या तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे मुलांच्या लाकडी नंदीच्या सणाच्या, आदल्या रात्री भाचीचा लाकडी नंदी रंगवायला घेतला आणि झूल लाल करावी की पिवळी यावर मी अर्धा तास अडून बसलो. शेवटी तिने माझ्या हातातला कुंचला ओढून घेतला आणि पाहता पाहता नंदीला निळे पाय व हिरवी शिंगे दिली. दुसऱ्या दिवसापासून मी खेळवही सुरू केली. नियम मोजकेच ठेवले: रोज पंधरा मिनिटे, फक्त बॉलपेन, खोडरबर नाही, पान फाडायचे नाही आणि काढलेले चित्र त्याच दिवशी पुन्हा पाहायचे नाही.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो कागदाकडे न पाहता रेखाटण्याचा. किमॉन निकोलाइडीस या अमेरिकी कलाशिक्षकाने हा सराव आपल्या पुस्तकात सविस्तर मांडला असून ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. नजर वस्तूच्या कडेवर ठेवायची, पेनाचे टोक त्या कडेला प्रत्यक्ष टेकले आहे असे मानायचे आणि डोळा सरकेल तितक्याच सावकाश हात सरकवायचा. मी हे गोठ्यात, रवंथ करणाऱ्या बैलासमोर बसून करीत असे. एरवी बैल काढताना आपण बैल पाहतच नाही; शिंगे, वशिंड, गळ्याची पोळी असा पाठ झालेला बैल उतरवतो. कागदावरची नजर काढून घेतली की तो पाठ म्हणता येत नाही, आणि काय चुकले हे दिसत नसल्यामुळे हाताला दुरुस्तीची संधीच उरत नाही. पहिल्या आठवड्यात बाबांनी मागून वाकून पाहिले आणि विचारले, “हे काय काढून राहिला रे? बैलाले तीन डोये?” तिसरा डोळा खरोखरच होता. बैलाने मान हलवली तेव्हा पेन तिथून पुन्हा गेले होते. पण नाकपुडीजवळची वळी मी इतकी नेमकी यापूर्वी कधी काढली नव्हती.

डाव्या हाताने काढण्याचा प्रकार महिनाभर चालला. रेघ थरथरते आणि चांगले यावे ही अपेक्षा आपोआप गळून पडते, हा त्याचा गुण. पुढे डाव्या हातालाही सफाई येऊ लागली, तेव्हा मी तो सोडून दिला.

डागांमधून आकार शोधण्याचा खेळ मात्र अजून चालू आहे. डागाळलेल्या भिंतींकडे टक लावून पाहा, त्यांत डोंगर, लढाया, चेहरे दिसतील, असे लिओनार्दो दा विंचीने लिहून ठेवले आहे. रवींद्रनाथ ठाकूर हस्तलिखितातले खोडलेले शब्द एकमेकांना जोडत त्यांतून पक्षी आणि श्वापदे उभी करीत. चित्रकार म्हणून ते साठीनंतर पुढे आले आणि त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन १९३० मध्ये पॅरिसला भरले. आमच्या गोठ्याची मातीची भिंत पावसाळ्यात ओल धरते आणि दर आठवड्याला तिची रेषा बदलते. त्या ओलीतून मी बंडी, वखर आणि एकदा तर नाकात नथ घातलेली म्हैस काढली. वहीत चहाचे थेंब पाडूनही हेच करता येते, पण माझ्या मते भिंत अधिक चांगली, कारण डाग कुठे पडावा हे आपल्या हाती राहत नाही.

कागदाची घडी घालून एकाने डोके, दुसऱ्याने धड, तिसऱ्याने पाय काढायचे, हा १९२५ च्या सुमारास पॅरिसच्या अतियथार्थवाद्यांनी, म्हणजे स्वप्नातल्यासारखी विसंगत चित्रे काढणाऱ्या कलावंतांनी, रूढ केलेला खेळ. भाचीसोबत तो रंगला. वर्गात मात्र मुले एकमेकांचे कागद चोरून पाहू लागली आणि सगळी मजा गेली. चिठ्ठीवर दोन शब्द लिहून त्यांचे एकत्र चित्र करणे मला अजिबात मानवले नाही. ‘छत्री’ आणि ‘तुरीची गंजी’ अशी चिठ्ठी निघाली की काहीतरी चतुर सुचलेच पाहिजे असे दडपण येई, म्हणजे पुन्हा तीच परीक्षा.

साहित्याबद्दलही लिहितो, कारण माझी पहिली चूक तिथेच झाली. दीडशे जीएसएमच्या जाड कागदाची, कापडी बांधणीची वही मी मुद्दाम वर्ध्याहून आणली होती आणि ती तीन आठवडे कोरीच राहिली. गावच्या दुकानातील बिनरेघी वही घेतली तेव्हा कुठे हात चालला. तिचा कागद पातळ आहे, ब्रशपेनची शाई पाठीमागे उतरते. बॉलपेनला तो पुरतो. जलरंग एप्रिल-मे महिन्यांत दुपारी वापरू नयेत. आमच्याकडच्या उन्हात पहिला हात पसरण्याआधीच वाळतो आणि रंगाला कडा धरतात. मी पहाटे, सडा पडण्याच्या वेळेस बसतो.

एक तक्रार आहे. चौथ्या महिन्यापासून हे खेळ मला सोयीचे होऊ लागले. स्वतःच्या चित्रासाठी मोठा कागद ताणून ठेवला होता, आणि त्याला हात लावायचा सोडून मी रोज गोठ्यात जात होतो. विचारले तर सराव चालू आहे म्हणून सांगायला मोकळा. म्हणून जानेवारीपासून आठवड्यातले दोन दिवस वही बंद ठेवली आणि त्या दोन दिवशी ताणलेल्या कागदासमोरच बसलो. पहिले दोन आठवडे काही झाले नाही. तिसऱ्या आठवड्यात शेताच्या धुऱ्यावरच्या पळसाचे खोड आले, तेही वहीतल्या एका वाकड्या रेघेवरून.

आता चौथी वही चालू आहे. पळसाच्या चित्राला फांद्या आल्या आहेत, फुले अद्याप यायची आहेत. फोटोवरून व्यक्तिचित्र करताना परीक्षक अजूनही येतो आणि त्या कामात मी त्याला येऊ देतो, कारण त्याचे पैसे मिळतात.