तांब्याच्या भावात ॲल्युमिनियम: माझे २९,४८० रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तोंड लपवत बसायला नको. एकोणतीस हजार चारशे ऐंशी. ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी दुसऱ्यांच्या सह्या आणि कागद तपासण्यात. आणि निवृत्तीच्या दुसऱ्याच वर्षी एका माणसाने मला तांबं म्हणून ॲल्युमिनियम विकलं. जावयाला अजून सांगितलेलं नाही.

कोथरूडला आमच्या इमारतीत लिफ्ट सुरू झाली की माझ्या ॲम्प्लिफायरमधून टक्क आवाज येतो, आणि एरवीही एक गुणगुण असते. रात्री भीमसेनांची तबकडी लावली की तंबोऱ्याच्या खाली ती गुणगुण जाऊन बसते, षड्जाशी न जुळणारी. एकदा कानाला सापडली की मग गाणं राहतं बाजूला, तीच ऐकू येते. परदेशी पॉवर कंडिशनर (विजेतली घाण गाळणाऱ्या पेट्या) बघितले, किमती लाखाच्या पुढे. म्हटलं घरी बांधू. पेटीत असतं तरी काय? १ केव्हीएचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (घरची लाइन आणि ॲम्प्लिफायर यांना थेट न जोडणारा), त्याच्या प्रायमरी आणि सेकंडरीमध्ये, म्हणजे वीज आत घेणाऱ्या आणि बाहेर देणाऱ्या तारेच्या गुंडाळ्यांमध्ये, तांब्याच्या पत्र्याचं शील्ड, सर्जसाठी, म्हणजे व्होल्टेजचा अचानक झटका गिळायला, एमओव्ही नावाच्या चकत्या, गोंगाट अडवायला एक चोक, मेन्सवर लावायचा एक्स-टू कपॅसिटर आणि चार सॉकेट. पेटी, एमसीबी, सॉकेट, वायर हे सगळं बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून ६,१४० रुपयांत आणलं. त्यात एका पैशाला फसलो नाही. तिथले दुकानदार तोंडाने फटकळ, पण वस्तू हातात देतात.

ट्रान्सफॉर्मर मात्र 'स्पेशल' हवा होता मला. हौस!

आम्हा हौशी मंडळींच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर हा माणूस होता. स्वतःला इंजिनिअर म्हणवायचा, मुंबईजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत वर्कशॉप आहे म्हणायचा. बोलणं अतिशय नम्र. "सर, बाजारात सगळे ॲल्युमिनियमच्या तारेचं वाइंडिंग घालून देतात आणि वरून तांब्याच्या रंगाचं व्हार्निश मारतात. गिऱ्हाइकाला कळतसुद्धा नाही. आपण तसलं काम करत नाही." म्हणजे चोरी कशी करतात हे चोरानेच मला फोनवर पंधरा मिनिटं समजावून सांगितलं, आणि मी या माणसाला किती कळतं म्हणून मान डोलावत होतो.

भाव स्वस्त सांगितला असता तर मी तिथेच सावध झालो असतो, हे लक्षात घ्या. पेठेतला वाइंडर १२,००० म्हणाला होता. याने १८,५०० सांगितले. महाग म्हणजे खरं, असं डोक्यात बसलेलं असतं आपल्या. वजन १४ किलो भरेल, टर्मिनलजवळ हात लावला तरी तांब्याची थंडाई जाणवेल, काय काय बोलला. अर्थिंगची वायर काढून टाका, आवाज 'उघडतो', असाही सल्ला दिला. तो मी ऐकला नाही. ऐकू नका कुणीच. मेटल बॉडीच्या ॲम्प्लिफायरची अर्थिंग काढायला सांगणारा माणूस दिसला की फोन ठेवून द्यायचा.

९,२५० ॲडव्हान्स. तीन आठवड्यांनी उरलेले ९,२५०, कारण "माल तयार आहे, पेमेंट झालं की निघेल". एमओव्ही आणि कपॅसिटर लावलेला बोर्डही त्याच्याकडूनच, ४,२००. पॅकिंग आणि ट्रान्स्पोर्ट १,४५०, १६ किलोच्या हिशेबाने. आणि पक्कं बिल मीच मागितलं म्हणून १८ टक्के जीएसटी, ३,३३० रुपये. बिल मागणारा माणूस बावळट नसतो असं मला वाटत होतं.

आता ती सकाळ. बेल वाजली, दारात पार्सलवाला पोरगा. विशीचा असेल. एका हातात फोन, दुसऱ्या हातात माझी पेटी, बोटं दोरीत अडकवलेली, आणि लिफ्ट बंद म्हणून तिसऱ्या मजल्यावर चालत आलेला. दम लागलेला नाही. मी सही केली. बायको मागून म्हणाली, "अहो, चौदा किलोचं म्हणत होतात ना?" मी म्हणालो, "तरुण आहे तो." हे माझे शब्द. तरुण आहे तो. पावतीवर, माझ्या सहीच्या बरोब्बर वर, मशीनने छापलेलं होतं: ८.४ किलो. पेटीसकट, थर्माकोलसकट. आयुष्यभर लोकांना सांगत आलो, सहीच्या वरचं आधी वाचा. पोरगा पायऱ्या उतरेपर्यंत दोन मिनिटं तरी गेली असतील, तेवढ्यात हाक मारता आली असती. मी काय केलं? पेटी उघडून टेबलावर ठेवली, फोटो काढला आणि त्याला पाठवला, 'सुंदर पॅकिंग, धन्यवाद' असं लिहून.

तांब्याची घनता ८.९६, ॲल्युमिनियमची २.७. शाळेत शिकलोय हे. शिवाय तेवढाच करंट न्यायला ॲल्युमिनियमच्या तारेचा छेद तांब्याच्या साधारण १.६ पट मोठा लागतो. एवढी जाड तार घातली तर गाभ्यात मावत नाही, म्हणून हे लोक जाडीही तीच ठेवतात आणि गाभाही लहान वापरतात. मग ट्रान्सफॉर्मर तापतो. पहिल्यांदा स्विच टाकला तेव्हा एमसीबी पडला. त्याचं मला काही वाटलं नाही, मोठा ट्रान्सफॉर्मर सुरू होताना क्षणभर जबर करंट ओढतोच. ॲम्प्लिफायरवर तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी गाणं बंद करताना पेटीवर हात टेकला आणि चटका बसला. मग सेकंडरीला इस्त्री लावली, ७५० वॅटची. २३१ व्होल्ट होते ते १९८ वर आले, आणि वीस मिनिटांत घरभर व्हार्निशचा वास. ही चाचणी आल्या दिवशी करा, पैसे अडकलेले असताना करा. चांगल्या बनावटीचा ट्रान्सफॉर्मर एवढ्या लोडला पाच टक्क्यांहून जास्त पडू नये.

थंड झाल्यावर टर्मिनलजवळची टेप उचकटली. बाहेरची लवचिक वायर तांब्याची होती, पण आतल्या तारेला ती सोल्डर केलेली नव्हती, नळी दाबून क्रिम्प केली होती. साध्या सोल्डरला ॲल्युमिनियम धरत नाही, म्हणून. ब्लेडने व्हार्निश खरवडलं. वर लालसर, खाली पांढरं चकचकीत, डब्याच्या झाकणासारखं. मग शील्डची हिरवी-पिवळी वायर. तिला सहज ओढ दिली आणि ती दोन बोटं लांबीची अख्खी माझ्या हातात आली. आत कशालाच जोडलेली नव्हती, टेपखाली नुसती खुपसलेली. टोकाचं प्लास्टिकसुद्धा सोललेलं नव्हतं. ते टोक बघून मला जो संताप आला तो पैशाचा नव्हता. फसवतानाही निदान टोक सोलायचे कष्ट घे की!

बोर्डाचंही तेच. एमओव्ही २० मिलिमीटरच्या ठरल्या होत्या, साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढ्या. निघाल्या कॉलरच्या बटणाएवढ्या. एक्स-टू म्हणून दिलेल्या कपॅसिटरवर एक्स-टू छापलेलंच नव्हतं, नुसतं ४०० व्होल्ट डीसी. असला कपॅसिटर थेट मेन्सवर लावला तर कधीतरी पेटू शकतो. छापलेलं नसेल तर लावू नका, विकणारा काहीही सांगो.

आणि बिल. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. माझ्या बिलावर २४, म्हणजे गुजरात. पत्ता महाराष्ट्रातला. गुजरातेतून आला असता तर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा) लागला असता, पण याने नऊ-नऊ टक्के सीजीएसटी-एसजीएसटी (एकाच राज्यातल्या व्यवहाराचा) लावलेला. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला तर तो भलत्याच माणसाच्या कापड दुकानाचा. फुकट मिळते ही माहिती, अर्ध्या मिनिटात. पैसे पाठवायच्या आधी बघा.

हे सगळं कळल्यावर मी त्याला फोन केला. रागावला नाही, उलट वाईट वाटल्यासारखं बोलला. "सर, कारागिराने घोळ केला. माल बदलून देतो, फक्त टेस्टिंग डिपॉझिट २,००० भरा, परत मिळतील." मी भरले. हो, भरले. समोरचा माणूस शांत बोलला की आपलाच राग आपल्याला उद्धटपणा वाटायला लागतो. त्यानंतर त्याचा फोन कायमचा बंद. वस्तू बदलून देण्यासाठी पैसे मागणारा माणूस दुसऱ्यांदा फसवत असतो.

पुढची कथा सरकारी. चौकीत गेलो तर हवालदारांनी पेटी हलवून पाहिली आणि विचारलं, "काका, वस्तू मिळाली ना तुम्हाला?" मिळाली. "मग फसवणूक कुठं झाली?" मी चारशे वीस म्हणालो तर हसून म्हणाले, ते आता नाही, नव्या संहितेत ३१८. म्हणजे १ जुलै २०२४ पासून कलमाचा नंबर बदलला हे त्यांना तोंडपाठ, पण अर्ज घ्यायचा नाही. हेल्पलाइनवर सांगितलं, हा सायबर गुन्हा नाही, व्यवहारातला वाद आहे. दुसऱ्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली आणि अकराव्या दिवशी मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे'. कुणी केलं निराकरण? कुणाला विचारून? बँकेत गेलो. माझ्याच जुन्या खुर्चीसारख्या खुर्चीत एक मुलगी बसलेली, ती म्हणाली, "सर, पिन तुम्ही स्वतः टाकलाय." बरोबर आहे तिचं. मीही कित्येकांना असंच म्हणालोय, तेव्हा त्यांची तोंडं कशी होत असतील हे आता कळलं. पुन्हा चौकीत, तर साहेब बंदोबस्ताला. पुन्हा गेलो, तर बदली झालेली. नवे साहेब म्हणाले, वर्कशॉप ज्या हद्दीत आहे तिथे जा. ते वर्कशॉप नाहीच आहे हो, हेच तर सांगायला आलोय!

शेवटी ग्राहक आयोग. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. कागदावर उत्तम. पण नोटीस जायला पत्ता खरा लागतो, माझी नोटीस परत आली. आणि तार ॲल्युमिनियमची आहे याला प्रयोगशाळेचा अहवाल आणा म्हणतात. ब्लेड मी खिशात घेऊन गेलो होतो, तिथेच खरवडून दाखवतो म्हटलं. नको म्हणाले. पुढची तारीख पडली आहे.

पैसे नुकतेच गेले असतील तर तासाभरात १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. माझ्यासारखं तीन आठवड्यांनी जागं होऊ नका. पेटी उघडताना फोटोआधी वजनकाटा आणा, घरी नसेल तर रद्दीवाल्याचा. मी नंतर त्याच्याकडे नेली. काट्यावर ६ किलो ८०० भरली. त्याने नखाने टोकरलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काका, जर्मलच्या भावाने लावू का?" त्याला जे एका नखात कळलं, ते कळायला मला दोन महिने लागले.

गुणगुणीचं तेवढं राहिलं. दिवाळीत भाचा आला होता, त्याने सेट-टॉप बॉक्सची केबल मागून उपटली आणि आवाज थांबला. केबलच्या अर्थमधून लूप होत होता, म्हणजे अर्थ दोन वाटांनी जोडला जाऊन गुणगुण आत शिरत होती. ट्रान्सफॉर्मरची गरजच नव्हती. यावर मला काहीही बोलायचं नाही.

तो माणूस दुसऱ्या नंबरवरून पुन्हा दुसऱ्या ग्रुपांमध्ये फिरतोय. परवा एका मित्राने त्याची जाहिरात पाठवली. 'पुण्याच्या समाधानी ग्राहकाकडून' म्हणून एका उघड्या पेटीचा फोटो आहे, खाली माझंच वाक्य, 'सुंदर पॅकिंग, धन्यवाद'. पेटीखाली हिरव्या चौकड्यांचा टेबलक्लॉथ दिसेल, एका कोपऱ्यात इस्त्रीचा डाग असलेला. ते टेबल माझं आहे.